झाकून ठेवलेलं ताट

४ फेब्रुवारी

बारके,

अकरा वर्षांनी लिहितेय, त्यामुळे मायना शोधत बसले नाही. कामाचं तेवढं सांगते. आईच्या पोटात गोळा आहे. पसरलाय, काढण्यातला राहिलेला नाही. डॉक्टर म्हणाले, महिना, फार तर दीड. म्हणून तिला आम्ही घरी आणलंय. आम्ही म्हणजे मी.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉट टाकलीय. सगळ्या खोलीला व्हॅनिलाचा वास मारतो. ताकदीची म्हणून एक पावडर लिहून दिलीय, दुधात कालवून पाजायची. डब्यावर एक म्हातारी बत्तिशी दाखवून हसतेय. ज्याने ही पावडर काढली त्याला रोज तीन वेळा ती पाजावी, एवढीच माझी इच्छा आहे. मी चाखून पाहिली. भिजलेल्या पुठ्ठ्यावर साखर भुरभुरावी तशी लागते. शिवाय भात, बटाटा, गाजर सगळं मी मिक्सरमधून काढते. त्याचा जो रंग होतो त्याला आपल्या भाषेत नाव नाही, आणि नाही तेच बरं.

पण आई खाते. म्हणजे मी भरवते. तिच्या उशाशी भिंतीवर तक्ता लावलाय. सकाळी किती चमचे, दुपारी किती, संध्याकाळी किती. काल चौतीस गेले. मावशी म्हणाली, "शाब्बास गं! मुलगी असावी तर अशी." मावशी एक दिवसाआड सूप घेऊन येते, त्यातल्या दोन वाट्या स्वतः पिते, "खा गं, खाल्लंस तर उठशील" असं आईला बजावते आणि चारच्या बसने परत जाते. जाताना तिच्या हनुवटीवर सूप सुकलेलं असतं. मी सांगत नाही.

तू येऊन जा. जुनं किती दिवस धरून बसणार? आजीने नातीला चार घास जास्त भरवले म्हणून कोणी पोर काखेत मारून अनवाणी घराबाहेर पडत नाही. आणि पडलं तरी अकरा वर्षं बाहेर राहत नाही. तुझ्या चपला अजून इथेच आहेत.

ताई


११ फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही लिहिणार नव्हते, पण हे दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

आई रोज दोन-तीन धुतलेले रुमाल मागून घ्यायची. मला वाटलं, तोंड पुसायला. आज उशीचा अभ्रा काढला तर आतून पुरचुंड्या पडल्या. सतरा. एकेकीला गाठ मारलेली. हात थरथरतात तिचे, पण गाठ पक्की. पहिली सोडली. आत कालवलेला भात, चघळून चोथा झालेला. दुसरीत बटाटा, लाळेने बुळबुळीत. तळाच्या पुरचुंड्यांवर हिरवट लव आली होती. वासाचं लिहीत नाही. मी मोरीत जाऊन ओकले. आठ दिवस मी तक्त्यावर आकडे मांडतेय आणि माझे चमचे हिच्या डोक्याखाली कुजतायत! गालात धरून ठेवायची, आणि मी वाटी ठेवायला वळले की रुमालात.

मी ती उशी तशीच तिच्यापुढे धरली. "हे काय आहे?" तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "अन्न टाकायचं नसतं," मी म्हटलं. बारके, आवाज माझा नव्हताच, तिचा होता. शब्दही तिचेच.

तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हेच तर करत होती. ताटं विसळायच्या हौदापाशी मोठी पळी घेऊन उभी. ताटात काही उरलं असेल तर चांगले मिशीवाले गडी मुकाट्याने बाकावर परत जायचे आणि संपवून यायचे. पळीबाई म्हणायचे तिला. निरोप समारंभाला त्यांनीच भाषणं केली, आईच्या मायेने जेवू घातलं म्हणून. घरी तर कायदाच होता. ताटावर 'नको' हा शब्द काढायचा नाही. उरलं तर त्यावर दुसरं ताट पालथं घालून फळीवर, आणि पुढच्या जेवणाला तेच समोर, थंड, कडेने सुकलेलं. तुझं ताट बहुतेक फळीवरच असायचं.

तू फ्रॉकच्या खिशात भरायचीस. एकदा दप्तरात भरलंस आणि पकडली गेलीस. आईला कसं कळलं, असं तू मला कितीतरी दिवस विचारत होतीस. मीच सांगितलं होतं. बक्षीस वगैरे काही मिळालं नाही. त्या दिवशी माझं ताट तपासलं गेलं नाही, एवढंच. आज पुरचुंड्या उचलताना मला सगळ्यात जास्त किळस कशाची आली, ते तुला कळलं असेल.

मंगळवारी आणि शुक्रवारी एक नर्सबाई घरी येतात. त्यांना रुमाल दाखवले. त्यांनी नाकसुद्धा मुरडलं नाही. म्हणाल्या, "ताई, त्यांच्या शरीराने दुकान आवरायला घेतलंय, आणि तुम्ही मागच्या दाराने पोती उतरवताय. आता पचत नाही त्यांना. नुसतं पडून राहतं आत, मळमळतं. मागतील तेवढंच द्या. बसवून, घोटभर. नाहीच मागितलं तर तोंड ओलं ठेवा, बास."

मी म्हटलं, "म्हणजे उपाशी मारू?"

"त्यांना भूक लागलीय असं त्या म्हणाल्या का?" एवढं विचारून त्यांनी मला काडीला लावलेले स्पंजचे बोळे दिले, तोंड ओलं करायला, आणि हात धुऊन निघून गेल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांना काय, त्या संध्याकाळी आपल्या घरी जातात. रुमाल मी टाकून दिले. तक्ता आहे तिथेच आहे.

ताई


१८ फेब्रुवारी

बारके,

परवा जेवताना आईला ठसका लागला. अन्न श्वासनळीत उतरलं. ओठ निळे झाले, डोळे पांढरे. मग गाडी, हॉस्पिटल. तिथे घशात नळी घालून यंत्राने ओढून काढलं. भिंतीवर काचेची बाटली होती, तिच्यात गाजराच्या रंगाचा फेस साठत होता. माझ्याच मिक्सरमधला. वॉर्डातला माणूस ती बाटली माझ्यासमोरून घेऊन गेला आणि येताना त्याच हाताने बिस्कीट खात आला. आता ताप आहे आणि छातीत घरघर. काल घरी आणलं.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणतात, तोंडाने भरवणं बंद. हवी तर नाकातून पोटापर्यंत नळी घालता येईल, तिच्यातून पातळ अन्न सोडायचं. मी विचारलं, त्याने ती किती जगेल? म्हणाले, जास्त जगतील असं सांगता येत नाही, त्रास मात्र होईल. पेशंट नळी उपटतात, मग कधी कधी हात कॉटला बांधावे लागतात. घरच्यांनी ठरवा आणि आठवड्याभरात सांगा.

हात बांधायचं म्हणाले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

मावशी म्हणते, नळी घालाच. "उद्या बारकी येऊन विचारेल, माझ्या आईला उपाशी का मारलंत? तेव्हा काय तोंड दाखवशील?" तुझ्या नावाने सगळे मला धाक घालतात, आणि तू मात्र तिकडे सुखात. तेव्हा आता तूच सांग. नळी घालायची की नाही? मोठं पत्र नको. कार्डावर एक शब्द लिहून टाक.

ठसका कसा लागला ते विचारू नकोस.

ताई


२५ फेब्रुवारी

बारके,

कार्ड मिळालं. ना मायना ना सही. अकरा वर्षांनी तीन शब्द: आईला विचारलंस का?

माझं डोकंच फिरलं. मी विचारते हो की नाही, आणि ही मलाच उलट विचारते! कार्ड मिक्सरखाली सरकवलं आणि कपडे वाळत घालायला गेले. दोरीवर चादर टाकता टाकता मोजायला लागले. एकवीस दिवसांत मी आईला काय काय विचारलं? गरम आहे का? मीठ हवं का? आणखी एक चमचा? हे संपवायचं ना? 'तुला खायचंय का' हे एकदाही नाही. आपल्या घरात हा प्रश्न कोणी कोणाला विचारलेलाच नाही, मग तो माझ्या तोंडात येणार कुठून?

आधी ठसक्याचं सांगते. तो लागला नाही, मी लावला. रुमाल सापडल्यापासून मी वळत नव्हते. गिळेपर्यंत तोंडाकडे बघत बसायचे. त्या दिवशी तिने दात आवळले. आदल्या जेवणातलं उरलेलं होतं, मी झाकून ठेवलेलं आणि परत मिक्सरमधून फिरवलेलं. मी डाव्या हाताने तिचं नाक दाबलं. श्वासाला तोंड उघडलं की चमचा. ती माझं मनगट धरत होती, पण तिच्या हातात जोर तो किती! दोन चमचे गेले. तिसऱ्याला ओठ निळे पडले. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. मावशीलाही नाही.

ही रीत मला कोणी बसवून शिकवली नव्हती. मी पाहिली होती. नुसती पाहिली असती तरी एक वेळ बरं होतं.

तू नऊ वर्षांची होतीस. भोपळा होता, तिसऱ्यांदा समोर आलेला. तू ताटातच ओकलीस. आईने चमच्याने तेच पुन्हा गोळा केलं आणि तुझ्या तोंडात घातलं. नाक तिने दाबलं होतं. तुझे हात मागून कोणी धरले होते ते तू आजवर कधी बोलली नाहीस. मला वाटायचं, विसरलीस. तू अनवाणी गेलीस त्या दिवशी आईने तुझ्या लेकीचं नाक धरलं होतं आणि मला हाक मारली होती, "जरा हिचे हात धर गं." आणि मी स्वयंपाकघरातून हात पुसत येत होते, बारके. तू मला येताना पाहिलंस. तू काहीच विसरली नव्हतीस.

त्या भोपळ्याच्या वेळी मी बारा वर्षांची होते. तू संपवलं नाहीस तर उरलेलं माझ्या ताटात येईल, याची मला भीती वाटली. कारण एवढंच. लहान होते, आईचा धाक होता, हे सगळं खरं आहे, पण त्या क्षणी मनात तो ओकलेला भोपळा होता आणि तो मला खायचा नव्हता. म्हणून तुला खायला लावला. लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

दुपारी आईला उशीला टेकवून बसवलं. कार्ड तिच्या समोर धरलं. म्हटलं, "आई, बारकीचं पत्र आलंय." तिने अक्षरावरून बोट फिरवलं. मग मी पावडरची वाटी दाखवली. "तुला हे हवंय का? खरं सांग. नळीचंही सांग. नाकातून घालतात. काढशील म्हणून कदाचित हात बांधतील."

तिचे ओठ चिकटले होते. मी बोळा ओला करून फिरवला.

"नको," ती म्हणाली.

"जेवण नको की नळी नको?"

"नको." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी स्पष्ट, "नको गं."

ज्या बाईने हा शब्द आपल्या घरातून हद्दपार केला तिच्या तोंडून मी तो पहिल्यांदा ऐकला. मला काय वाटलं? आधी राग आला. आम्हाला बंदी, आणि स्वतःला बरी सवलत! मग तिचे आवळलेले हात सैल झालेले दिसले, आणि मी वाटी मोरीत ओतली. तक्ता फाडला. डॉक्टरांना कळवलं, नळी नाही. मावशी म्हणाली, "पाप लागेल तुला." मी म्हटलं, "लागू दे. तू सूप तेवढं आणू नकोस."

ताई


४ मार्च

बारके,

आई शांत आहे. तासातासाला बोळा ओला करते, कधी पाण्यात, कधी कोमट चहात. बर्फाचा खडा मागते, मटारच्या दाण्याएवढा, तो चोखते. मळमळ थांबलीय. घरघर कमी आहे. मला वाटलं होतं, भुकेने तळमळेल, माझ्याकडे बघत राहील. तसं काही नाही. झोपते. नर्सबाईंचं बरोबर होतं, हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिलं. व्हॅनिलाचा वासही गेला खोलीतून. डबा मी कचऱ्यात टाकला, त्या हसणाऱ्या म्हातारीसकट.

काल दुपारी तिने डोळे उघडले. म्हणाली, "बारकीने संपवला का?"

"काय?"

"भोपळा."

खोटं कशाला बोलू, मला आशा लागली. वाटलं, आता काहीतरी म्हणेल. चुकलं म्हणेल. निदान तुझं नाव घेऊन रडेल. मी म्हटलं, "नाही आई. तिला नको होता."

ती म्हणाली, "झाकून ठेव."

मला अशी शिसारी आली की उठून बाहेर चालतं व्हावं आणि परत येऊच नये. सरणाच्या वाटेवर आहे बाई, आणि अजून तो भोपळा झाकून ठेवायचाय! चाळीस वर्षं झाली! मी उठलेसुद्धा. दारापर्यंत गेले. मग मागे वळून म्हटलं, "नाही ठेवणार. मी तो टाकून दिला."

तिने माझ्याकडे पाहिलं. हौदापाशी उभी राहून बघायची ना, तसंच. मी नजर खाली घातली नाही. शेवटी तिनेच डोळे मिटले आणि बर्फासाठी तोंड उघडलं. मी खडा घातला.

तिला पश्चात्ताप झाला, असं मी तुला लिहू शकले असते. तू इथे नव्हतीस, तुला कुठे कळणार होतं? पण झाला नाही. किंवा झाला असेल, मला दिसला नाही. मी तिचे ओठ पुसले, जिभेवरचा पांढरा थर हलक्या हाताने काढला. मनात राग खदखदत होता, आणि तिला दुखू नये म्हणून मी श्वास धरून पुसत होते. दोन्ही खरं आहे. कसं ते मला विचारू नकोस.

ताई


१८ मार्च

बारके,

आई गेली. सहा तारखेला, सकाळी, चहाचा बोळा तोंडात फिरवत असताना. तिने तो ओठांत धरला, चोखला आणि सोडून दिला. मला वाटलं, झोपली. घसा मोकळा होता, नाकात काही नव्हतं, हात उघडे होते. यातलं कशाचंही श्रेय मला देऊ नकोस. तुझे तीन शब्द वेळेवर आले.

आज तेराव्याला माणसं आली होती. मावशीने स्वयंपाक केला. घरभर तोंडं हलत होती. "उपाशीच गेली हो बिचारी," एक बाई म्हणाली, आणि तिच्या तोंडातला घास बोलता बोलता मला दिसला. दुसऱ्याने बोटं चाटत विचारलं, "नळी का नाही घातली?" कॅन्टीनमधले दोन म्हातारे आले होते. ताटं चाटूनपुसून लख्ख केली त्यांनी आणि रिकामी ताटं मला दाखवली, मी पास करणार असल्यासारखी. मला गलबलून आलं आणि मळमळलंही.

मावशीने मला वाढून आणलं. दोन घास खाल्ले, तिसरा उतरेना. मी ताट सरकवलं.

"पानात टाकू नये," मावशी मोठ्याने म्हणाली. "निदान आज तरी नको. तुझ्या आईला काय वाटेल?"

सगळे बघायला लागले. मी म्हटलं, "नको मला."

काही झालं नाही गं. कोणी नाक धरलं नाही. कोणी हात धरले नाहीत. ते म्हातारे पुन्हा बोलायला लागले. मी उठले, ताटातलं कचऱ्याच्या डब्यात खरवडून टाकलं, ताट घासलं आणि फळीवर पालथं घातलं. खाली काही नाही. बावन्न वर्षं लागली मला एवढ्याला. तू नवव्या वर्षी करायला गेलीस, तर मी तुझे हात धरले.

पहिल्या पत्रात तुला 'येऊन जा' म्हटलं होतं. तो चमचाच होता, आता कळतंय. आता ये म्हणत नाही. माफी मागते. ती तू घेतलीच पाहिजेस असं काही नाही. घ्यायची तेवढी घे, उरली तर उरू दे, मी झाकून ठेवून पुन्हा तुझ्यापुढे आणणार नाही.

या पुडक्यात तुझ्या चपला आहेत. तुला परत यावंच लागेल म्हणून इतकी वर्षं दारामागे ठेवल्या होत्या. रबर कडक झालंय, एकीचा अंगठा तुटलाय, घालण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. पण तुझ्या आहेत. ठेवायच्या की टाकायच्या ते तू ठरव.

वाटलं तर लिही. नको वाटलं तर नको म्हण. मला ऐकू येईल.

ताई